हस्कीचा चेहरा

सायबेरियन हस्की म्हटलं की डोळ्यांपुढे येतो पांढरा मुखवटा, कपाळावरचा काळा पट्टा आणि निळे डोळे. मीही आधी त्यालाच भुललो होतो. पण चुकची लोकांना हवा होता तो कमी खाऊन हलकं ओझं लांबवर ओढणारा कुत्रा. 1909 मध्ये अलास्कातल्या नोमच्या शर्यतीत हे कुत्रे उतरले, तेव्हा त्यांचा लहान आकार बघून लोकांनी त्यांना चक्क ‘सायबेरियन उंदीर’ म्हटलं. 1910 मध्ये त्याच ‘उंदरां’नी शर्यत जिंकली!

मग 1925. नोममध्ये घटसर्प. 20 स्लेजचालकांनी साखळी करून 674 मैलांवर औषध पोचवलं. सेंट्रल पार्कात पुतळा उभा राहिला तो शेवटच्या टप्प्यातल्या बाल्टोचा. सगळ्यात लांब टप्पा मात्र 12 वर्षांच्या टोगोचा, आणि त्याचा रंग असा काळा-तपकिरी-करडा, की कायम मळल्यासारखा दिसे.

1930 मध्ये अमेरिकन केनेल क्लबने जातीला मान्यता दिली. नियमात सगळे रंग चालतात. एक डोळा निळा, एक तपकिरी, तरी चालतं. म्हणजे मुखवटा ही अट नाहीच!

बाल्टो खच्ची केलेला होता. टोगोला मात्र पिल्लं झाली, आणि आजच्या कितीतरी हस्कींच्या वंशावळीत तोच मळकट टोगो सापडतो.