सणाच्या टर्कीचा बाजार



आजचा आमचा विषय एका पक्ष्याची खरेदी हा आहे. अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी 'थँक्सगिव्हिंग' म्हणजे आभाराचा सण असतो. त्या दिवशी घरोघर टर्की नावाचा मोठा पक्षी अख्खा भाजून पंगतीत येतो. इंग्लंडात हाच मान त्याला नाताळात मिळतो. अलीकडे तिकडील पुष्कळ कुटुंबे असा आग्रह धरतात, की पक्षी गोठविलेला नको, ताजा हवा. आणि दूरच्या कारखान्यातला नको, जवळच्या शेतकऱ्याने वाढविलेला हवा. आग्रह साधा दिसतो. पण 'ताजा' आणि 'जवळचा' हे दोन शब्द गिऱ्हाइकाला मुद्दाम उच्चारावे लागतात, त्या अर्थी मधल्या काळात काही तरी घडलेले असले पाहिजे. ते काय, हे आज सांगावयाचे आहे. आम्ही इतिहास कॉलेजात शिकलो नाही. युनियनच्या कचेरीत बसून वाचला. त्यामुळे कोणतीही वस्तू पाहिली, की ती कोणाकोणाच्या हातांतून आली, हा प्रश्न आम्हांस आधी सुचतो.

प्रथम पक्ष्याचे नाव पाहा. हा पक्षी मूळचा अमेरिका खंडातला. मेक्सिकोतील लोकांनी तो युरोपियन येण्यापूर्वी शेकडो वर्षे माणसाळविला होता. सोळाव्या शतकाच्या आरंभी स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला. पण नवा पक्षी कोठून आला हे नीट न कळल्याने ज्याने त्याने आपल्या समजुतीप्रमाणे नाव ठेवले. इंग्रजांनी त्याला तुर्कस्तानचा ठरविले. फ्रेंचांनी 'हिंदचा' म्हटले. खुद्द तुर्कांनी त्याचे नाव 'हिंदी' ठेवले. डचांनी तर आपल्या कालिकत बंदराचे नाव त्याला चिकटविले. पोर्तुगीज त्याला 'पेरू' म्हणतात. आपल्याकडे त्या शब्दाने फळ डोळ्यांपुढे येते, आणि गंमत अशी, की ते फळही अमेरिकेतलेच! माल घरात येतो, पण तो कोठून आला याचा पत्ता वाटेत हरवतो, ही गोष्ट इतकी जुनी आहे.

आपल्या देशात हा पक्षी आल्याची ठळक नोंद १६१२ सालची, आणि ती गोव्याच्या वाटेची आहे. बादशहा जहांगीर याने आपला सरदार मुकर्रबखान याला गोव्यास पाठवून तेथील पोर्तुगीजांकडून दुर्मिळ वस्तू खरेदी करावयास सांगितले होते. त्याने आणलेल्या चिजांत एक टर्की होता. त्याच्या मानेचा रंग घडीघडीला पालटतो याचे बादशहाला इतके नवल वाटले, की त्याने ते आपल्या आत्मचरित्रात टिपून ठेवले. दरबारचा चितारी मन्सूर याने काढलेले टर्कीचे चित्र आजही लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. बादशहाला जे आश्चर्य होते, ते दोनतीन शतकांत इंग्लंडात सणाचे जेवण झाले. ते कसे झाले, ते आता पाहू.

डॅनियल डीफो हा 'रॉबिन्सन क्रूसो'चा लेखक आपणांपैकी पुष्कळांच्या परिचयाचा असेल. त्याने १७२४ पासून इंग्लंडचे प्रवासवर्णन छापावयास सुरुवात केली. नॉरफोक आणि सफोक या परगण्यांतून लंडनकडे जाणाऱ्या टर्कींच्या कळपांचा त्यात हिशेब आहे. स्टूर नदीवरच्या एकाच पुलावरून एका हंगामात ३०० कळप जात. एकेका कळपात ३०० पासून १,००० पर्यंत पक्षी असत. सरासरी ५०० धरले तर दीड लाख पक्षी होतात. हा सारा प्रवास पायी! ऑगस्टमध्ये पीक निघाले की कळप निघत, वाटेतल्या कापणी झालेल्या शेतांत सांडलेले दाणे टिपत आणि ऑक्टोबर अखेर, चिखल होण्यापूर्वी, लंडनला पोहोचत. खुरटलेल्या वाटेने पाय सोलू नयेत म्हणून पक्ष्यांच्या पायांना डांबर फाशीत, असे सांगतात. या बाजारात पक्षी ताजा असे, कारण तो जिवंतच येई. पण तो जवळचा मात्र नव्हता. म्हणजे 'जुन्या काळी सारे जवळचे होते' ही समजूत तपासून घेतली पाहिजे. मोठे शहर वसले, की त्याचे अन्न दुरूनच येऊ लागते.

आणि शहरातला मजूर काय खाई? त्याला टर्की परवडत नसे. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या मजुरांत नाताळसाठी हंसाची भिशी चाले. दर आठवड्याला काही पेनी गुत्तेवाल्याकडे जमा करावयाची आणि डिसेंबरात एक हंस घरी न्यावयाचा. पैसे भरावयास गुत्त्यात गेलेला माणूस कोरडा परत येत नसे, हा मालकाचा नफा! बहुतेकांच्या घरी भट्टी नसल्याने पक्षी भाजावयास पाववाल्याकडे द्यावा लागे. डिकन्सच्या १८४३ च्या नाताळकथेत कारकुनाच्या घरी जेवणात हंस असतो, आणि अखेरीस मालकाला उपरती होते तेव्हा तो टर्की विकत घेऊन पाठवितो. हंस आणि टर्की यांमधले अंतर हे मजुरी आणि मेहेरबानी यांमधले अंतर होते.

आता अमेरिकेकडे वळू. आभाराच्या सणाचा संबंध १६२१ सालच्या प्लिमथ वसाहतीतील मेजवानीशी जोडतात. परंतु तो दरवर्षीचा राष्ट्रीय सण झाला १८६३ पासून. यादवी युद्ध पेटले असता अध्यक्ष लिंकन यांनी नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार जाहीर केला. सारा जोसेफा हेल या संपादिकेने त्यासाठी अनेक वर्षे लेखणी झिजविली होती. पुढे १९३९ साली अध्यक्ष रूझवेल्ट यांनी नाताळच्या खरेदीला जास्त दिवस मिळावेत म्हणून सण एक आठवडा अलीकडे ओढला. त्यावर एवढा गदारोळ झाला, की १९४१ मध्ये कायदा करून चौथा गुरुवार कायम करावा लागला. सणाची तिथी दुकानदारीच्या सोयीने हलू शकते, हे आपण ध्यानात ठेवू.

या सणाने पक्ष्याचे शरीरही बदलले. शहरातली घरे लहान, भट्ट्या लहान. म्हणून सरकारच्या बेल्ट्सव्हिल येथील संशोधन केंद्रात १९३० नंतरच्या दशकात एक लहान पांढरी जात तयार करण्यात आली. तिच्या मागून रुंद छातीची मोठी पांढरी जात आली आणि तिने बाजार व्यापला. तिची छाती इतकी वाढली, की नरमादींचा नैसर्गिक संयोगही होईना. अंडी फळण्यासाठी माणसाने कृत्रिम रेतन करावे लागते. जुन्या जाती मागे पडल्या. १९९७ साली मोजदाद झाली तेव्हा जुन्या जातींचे पैदाशीचे पक्षी साऱ्या अमेरिकेत अवघे तेराशेच्या आसपास भरले. आज जे गिऱ्हाईक जुन्या जातीचा पक्षी मागते, त्याच्यामुळेच या जाती पुन्हा सावरत आहेत. हे श्रेय त्याला दिले पाहिजे.

ताजा पक्षी जवळून घेण्याची रीतही सांगतो. सण नोव्हेंबरात, पण शेतकऱ्याचे काम उन्हाळ्यातच सुरू होते. एक दिवसाची पिले उबवणी केंद्रातून टपालाने येतात. रुंद छातीची जात चारपाच महिन्यांत तयार होते. जुन्या जातीला सहासात महिने लागतात, म्हणून ती महाग. गिऱ्हाईक आगाऊ बयाणा देऊन नाव नोंदविते आणि सणाच्या आठवड्यात शेतावर जाऊन पक्षी घेऊन येते. 'ताजा' या शब्दालाही आता कायद्याचे माप आहे. पूर्वी दगडासारखा कडक झालेला पक्षीही ताजा म्हणून विकला जाई. १९९७ पासून अमेरिकेत असा नियम आहे, की जो पक्षी कधीही २६ अंश फॅरनहाइटच्या खाली थंड केलेला नाही त्यालाच ताजा म्हणावे.

हे झाले गिऱ्हाइकाचे. आता हातांकडे येऊ. १९०६ चा मांसतपासणीचा अमेरिकन कायदा गुरे, मेंढ्या, डुकरे यांना लागू होता. पक्षी त्यातून सुटले होते. पूर्वी पक्षी पिसे काढून, पण आतडी पोटातच ठेवून विकीत. साफसफाई खाटिक किंवा गृहिणी करी. ते काम कारखान्यात गेले आणि त्याबरोबर रोगही गेला. टर्कीच्या कारखान्यांत ऑर्निथोसिस नावाचा, पक्ष्यांकडून माणसाला होणारा फुप्फुसांचा ताप पसरला. टेक्सास व ऑरेगॉन या राज्यांतील त्याच्या साथींची वैद्यकीय नोंद आहे. त्या वेळी मांसकामगारांच्या युनियनने सक्तीच्या तपासणीची चळवळ हाती घेतली. रोगट पक्षी कामगाराला मारतो, तोच गिऱ्हाइकाच्या घरीही जातो, ही त्यांची मांडणी होती. १९५७ मध्ये कायदा झाला. आज अमेरिकन गृहिणी निर्धास्तपणे पक्षी शिजविते, त्यात या कामगारांचा वाटा आहे.

तरीही कारखाना तो कारखाना. २०१४ च्या नव्या नियमांत टर्कीच्या साखळीचा कमाल वेग मिनिटाला ५५ पक्षी ठरविला गेला. पाळीभर सुरीचा तोच एक घाव घालणाऱ्या मनगटाचे काय होते, हे गिरणीत काम केलेल्यांना सांगावयास नको. मग लोक म्हणतात, यावर उपाय सोपा आहे. जवळच्या शेतकऱ्याकडून घ्या, म्हणजे सारे आपल्या डोळ्यांसमोर राहील. ही गोष्ट पूर्णपणे खरी असती तर आम्हांस आनंद झाला असता. पण आयोवा राज्यातली हकीकत ऐका.

तेथे वेस्ट लिबर्टी या गावी टर्कीचा कारखाना आहे. १९९६ साली तो टर्की पाळणाऱ्या शेतकऱ्यांच्याच सहकारी संस्थेने विकत घेतला. म्हणजे पक्षी जवळचे, मालक जवळचे. तेथे बौद्धिक दृष्ट्या अपंग असे बत्तीस पुरुष एका मुकादम कंपनीमार्फत काम करीत. ही व्यवस्था १९७० नंतरच्या दशकापासून चालत आली होती. ते जवळच्या अटालिसा या खेड्यात, एका जुन्या शाळेच्या इमारतीत राहत. त्यांना मिळे काय? महिन्याला सुमारे ६५ डॉलर! बाकीचे राहण्याजेवणाच्या नावाखाली वळते होई. अपंगांना किमान वेतनाहून कमी देण्याची मुभा १९३८ च्या कायद्याने ठेवली होती. तिच्या आडोशाने हे चालले. २००९ मध्ये सरकारी अधिकारी तेथे गेले तेव्हा झुरळांनी भरलेल्या, फळ्या ठोकलेल्या खिडक्यांच्या त्या घरातून त्यांची सुटका झाली. २०१३ साली ज्यूरीने २४ कोटी डॉलरची भरपाई दिली; कायद्याच्या मर्यादेमुळे ती १६ लाखांवर आली.

यातली सर्वांत दुःखाची गोष्ट पुढेच आहे. खेड्यातले लोक या माणसांना ओळखत होते. चर्चमध्ये ते शेजारी बसत, गावच्या मिरवणुकीत पुढे असत. लोकांची त्यांच्यावर मायाही होती. परंतु दर महिन्याला हातात काय पडते, हा प्रश्न तीस वर्षे कोणी धसास लावला नाही. मुकादमाची पद्धत काय असते, हे या महाराष्ट्रात आपणांस शिकवावे लागत नाही. जवळ असणे आणि जबाबदार असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

म्हणून आमचे म्हणणे असे, की ताजा व जवळचा पक्षी घेणाऱ्याची टवाळी करू नये. तो शेतकऱ्याला आधार देतो, जुन्या जाती जगवितो, आणि गिऱ्हाईक व उत्पादक यांची निदान तोंडओळख तरी घडवितो. पण तेवढ्यावर त्याने थांबू नये. वर्षाला वीस हजारांपर्यंत स्वतःचे पक्षी मारून आपल्या राज्यात विकणाऱ्या शेतकऱ्याला तेथे प्रत्येक पक्ष्याच्या सरकारी तपासणीतून सूट मिळू शकते. संघटना करण्याचे संरक्षण देणाऱ्या १९३५ च्या कायद्यातून शेतमजूर वगळलेले आहेत. लहान शेतावरचा गडी मोठ्या कारखान्यातल्या कामगारापेक्षा सुखी असेलच असे नाही. कित्येकदा त्याच्या पाठीशी ना कायदा असतो, ना युनियन.

तेव्हा बयाणा देताना गिऱ्हाइकाने वजन आणि भाव विचारावेत, जात विचारावी. आणि त्याच दमात हेही विचारावे, की हा पक्षी कोण कापणार आहे आणि त्याला रोज काय मिळतो. ताजेपणा डोळ्यांना व नाकाला कळतो, अंतर रस्त्याला कळते. मजुरी मात्र विचारल्याशिवाय कळत नाही. आपणांपैकी टर्की विकत घेणारे फारसे कोणी नसतील. पण सणाची खरेदी आपणही करतोच. हा प्रश्न तेथेही विचारता येईल.