ओढ्याची जुनी वाट

‘घर पाहावे बांधून’ असे आपले वाडवडील सांगत आले. पण त्यासाठी जागा कशी पाहावी, याविषयी म्हण मात्र गप्प आहे. ती उणीव शास्त्रकारांनी भरून काढली. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त जमिनीची एक परीक्षा दिली आहे. हातभर खोल खड्डा खणावा आणि निघालेल्या मातीनेच तो बुजवावा. माती उरली तर जागा उत्तम, बरोबर पुरली तर मध्यम, कमी पडली तर त्या जागेचा नाद सोडावा. दुसरी परीक्षा याहून सोपी. खड्ड्यात पाणी भरून शंभर पावले चालून यावे आणि परत आल्यावर पाणी किती उरले ते पाहावे. शुभाशुभाची भाषा सोडून दिली, तरी माती घट्ट की भुसभुशीत आणि पाणी तिथे काय करते, एवढे त्या गृहस्थाने नेमके विचारले आहे. आता तयार घराच्या फरशीवर आपल्याला कुदळ कोण मारू देणार? मग खणायचे ते इतिहासात.

गेल्या वर्षी माझी भाची पुण्यात घर शोधत होती. दक्षिणेकडे, आंबील ओढ्यापासून हाकेच्या अंतरावर, तळमजल्यावरची एक जागा तिला पसंत पडली होती. दसऱ्याला विसार द्यायचा, असे जवळजवळ ठरलेच होते. नवरा-बायकोची बारा वर्षांची शिल्लक आणि वर बँकेचे कर्ज. ती मला म्हणाली, “मामा, शाळा जवळ, मंडई जवळ, बस दारात. कागदपत्रं ह्यांनी वकिलांना दाखवली. भावही आजूबाजूपेक्षा कमी आहे. आणखी काय बघायचं?”

मी विचारले, “ओढा कुठे आहे?”

“तो होय! कुंपणाच्या भिंतीपलीकडे. पण त्याला पाणीच नसतं.”

या एका वाक्यासाठी मला तिला पार पेशवाईपर्यंत मागे न्यावे लागले.

पुणे वाढले ते पेठापेठांनी. नवी पेठ वसवायची म्हणजे राहायला येणाऱ्यांना काही वर्षे करमाफीचा कौल द्यायचा, शेटे-महाजन नेमायचे, आणि मुख्य म्हणजे पाण्याची सोय करायची. ही शेवटची गोष्ट नानासाहेब पेशव्यांनी मोठ्या हौसेने केली. कात्रजच्या डोंगराखाली तळी बांधून तिथले पाणी जमिनीखालच्या बांधीव नळातून त्यांनी थेट शनिवारवाड्यापर्यंत आणले. वाटेत नळाला हवा मिळावी म्हणून उच्छ्वास ठेवले, आणि गावात ठिकठिकाणी हौद बांधले. काळा हौद, फडके हौद ही नावे पुणेकरांच्या तोंडी राहिली, ती त्या पाण्यामुळेच. त्या काळी हौद जवळ आहे की नाही, यावरून बिऱ्हाडाची किंमत ठरत असणार. घागर कुणी वाहायची हा घरातला रोजचा प्रश्न होता.

कात्रजकडूनच आंबील ओढाही येतो. पूर्वी तो गावातून वाहत जाऊन मुठेला मिळे. पेशव्यांनी पर्वतीच्या पायथ्याशी त्याचे पाणी अडवून तळे केले आणि ओढ्याला पश्चिमेकडे वळण दिले. आज आपण मुलांना घेऊन जातो ती सारसबाग म्हणजे त्या तळ्याची जागा. तळ्यातला गणपती हे नाव त्याची साक्ष आहे. ओढ्याची जुनी वाट कोरडी पडली आणि तिच्यावर वस्ती चढली. ओढा मात्र दांडेकर पुलाखालून आपल्या नव्या वाटेने जाऊ लागला. माणसाने ओढ्याला उठवून त्याच्या जागेवर घर केल्याचे पुण्यातले हे ठळक उदाहरण. ते पचले, कारण वळवताना पाण्याला दुसरी रुंद वाट करून दिली होती.

पुढे 1897 च्या प्लेगाने दाट वाड्यांची भीती घातली. पुढच्या काळात ज्यांना ऐपत होती ते नदी ओलांडून डेक्कन जिमखान्याच्या मोकळ्या हवेत बंगले बांधू लागले. हवा, उजेड, बाग — सगळे त्यांनी पाहिले. नदीकडे पाहण्याचे कारणच नव्हते, कारण वर धरण होते. 12 जुलै 1961 च्या सकाळी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही गेले, आणि नारायण पेठ, शनिवार पेठ, कसब्याचा नदीकाठ, जिमखाना — जुनी वस्ती आणि नवी वस्ती एकाच पाण्याखाली आली. मुठेच्या काठच्या जुन्या माणसांना विचारा, ती भिंतीवर हात ठेवून पाणी कुठवर आले होते ते दाखवतात. नकाशापेक्षा तो हात मला अधिक भरवशाचा वाटतो.

पूरग्रस्तांपैकी अनेकांना नदीपासून दूर वसवण्यात आले. गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर या वस्त्यांना त्या पुराचा इतिहास आहे. मुठेपासून सहकारनगर खरोखरच लांब. पण आंबील ओढा तिथूनच जातो! 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री कात्रजच्या बाजूला तुफान पाऊस झाला, ओढा भिंती पाडत अरण्येश्वर, सहकारनगर भागातल्या घरांत शिरला. त्या पावसात शहरात आणि आसपास वीसहून अधिक माणसे दगावली.

भाची गप्प झाली. मग म्हणाली, “चला, बघून येऊ.”

आम्ही गेलो. दलालाने नळ सोडून दाखवले, वारा कसा खेळतो ते दाखवले. पाटबंधारे खाते नदीकाठी पुराच्या रेषा आखते, पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. त्यांबद्दल मी विचारताच तो म्हणाला, “काका, त्या नदीला असतात.” खोल्यांना ताजा रंग होता. बाहेर फाटकापाशी एक इस्त्रीवाला कोळशाची इस्त्री फिरवत होता. त्याला मी विचारले, “इथे किती वर्षे?” तो म्हणाला, “वीस.” पुढचा प्रश्न भाचीनेच केला, “त्या रात्री पाणी कुठवर होतं हो?”

त्याने इस्त्री आडवी ठेवली, उठला, आणि स्वतःच्या छातीवर हात आडवा धरला. म्हणाला, “माझं टेबल तिकडं पुलाला अडकलेलं सापडलं, ताई.”

विसार दिला नाही. दसरा तसाच गेला, आणि भाचीचे यजमान चार दिवस माझ्याशी जरा कमीच बोलले. एवढ्या भावात दुसरे घर मिळणार नव्हते, हे त्यांचे म्हणणे काही खोटे नव्हते. पुढे माघात त्यांनी धनकवडीच्या चढावर एक खोली कमी असलेली जागा घेतली. मी वास्तुशांतीला गेलो होतो. परतताना रिक्षा त्याच फाटकावरून आली. तळमजल्याच्या खिडकीला नवे पडदे लागले होते आणि दारात लहान मुलाची तीनचाकी सायकल उभी होती.