आपले गाव कोणत्या जिल्ह्यात?

मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका काढावयाचे ठरले आणि चिटणीस बाईंनी इतिहासाचा लेख माझ्या गळ्यात घातला. "तुम्ही शाळेत इतिहास शिकवीत होता, तेव्हा सबब चालावयाची नाही," असे त्यांनी बजावले. मी शिकविला तो पानिपतचा आणि प्लासीचा इतिहास. केदारखेड्याचा इतिहास कोणत्याच यत्तेला नेमलेला नव्हता. तरी एक प्रश्न मनात घोळू लागला. पत्त्यावर आपण 'मु. पो. केदारखेडा, ता. भोकरदन, जि. जालना' असे सहज लिहितो. हे असे केव्हापासून? आणि ते तसे ठरल्याने आपल्यासारख्या बायाबापड्यांचे काय झाले?

माझ्या सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणत असू. त्या लग्न होऊन या पूर्णाकाठच्या गावात आल्या तेव्हा राज्य निजामाचे होते. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली आणि हैदराबाद संस्थान भारतात आले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. एकाच घरात नांदत, एकाच चुलीपुढे बसून त्यांनी इतकी राज्ये पाहिली. उंबरठा मात्र तसूभरही हलला नव्हता.

या सगळ्या उलथापालथीत जिल्हा तेवढा तोच राहिला होता, औरंगाबाद. (आता त्या शहराचे व जिल्ह्याचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले आहे, जुन्या गोष्टी सांगताना मी जुनेच नाव वापरते.) हा जिल्हाही काही अनादी नव्हे. पहिले सालारजंग निजामाचे दिवाण असताना त्यांनी १८६५ साली 'जिल्हाबंदी' केली. त्यापूर्वी मुलखाचा वसूल ठेक्याने दिला जाई. जो जास्त बोली करील तो रयतेला पिळून घेई. जिल्हाबंदीने पगारी अधिकारी आले. आपण ज्यांना कलेक्टर म्हणतो त्यांना तेव्हा अव्वल तालुकदार म्हणत, आणि अनेक जिल्हे मिळून एक सुभा होई. गावात पाटील आणि पटवारी. जिल्ह्याला एक बोर्डही असे, पण त्याचा अध्यक्ष तोच अव्वल तालुकदार. म्हणजे वसूल करणारा तोच आणि गावाचे हित पाहणाराही तोच! कागद उर्दूत. ते वाचावयाचे तर मुनशी गाठावयाचा.

त्याही मागे गेले तर आणखी एक गंमत आहे. आपले भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांत भोगवर्धनाची माणसे आहेत, त्यांची नावे तेथील दगडांवर कोरलेली आहेत. सहाव्या शतकाच्या अखेरच्या एका कलचुरी ताम्रपटात 'भोगवर्धन विषय' असा उल्लेख येतो, आणि 'विषय' म्हणजे त्या काळचा जिल्हाच. तेव्हा भोकरदनला कोणी नुसते तालुक्याचे गाव म्हणून हिणवू लागले तर त्यास हे जरूर ऐकवावे.

असो. आता घरची हकीकत सांगते, कारण जिल्हा म्हणजे काय हे मला पुस्तकाने शिकविले नाही, तिने शिकविले.

मामंजी वारले ते १९७२ च्या दुष्काळानंतर दुसऱ्या वर्षी. शेत त्यांच्या नावे होते. आत्याबाईंचे नाव वारस म्हणून लावावयाचे, एवढेच काम. परंतु भाऊबंदांनी हरकत घेतली, जुने १९५४ चे खासरा पत्रक निघाले, प्रकरण तालुक्यावरून वर गेले आणि औरंगाबादच्या तारखा सुरू झाल्या. आमचे यजमान नोकरीला परगावी. मग आत्याबाईंनी आणि मी जावयाचे. पहाटे भाकरी बांधून निघावे, एस. टी.ची वाट पाहावी, गाडी बदलावी, आणि पोचेपर्यंत कचेरीची जेवणाची सुट्टी झालेली. मुक्काम नात्यातल्या एका घरी. दुसऱ्या दिवशी कळे की आज साहेब दौऱ्यावर आहेत. पूर्णेला पूर असला तर परतीची वाटही बंद. एकदा तर एका कारकुनाने आत्याबाईंचा अंगठा पाहून म्हटले, "सही करणारा कुणी पुरुष माणूस आणा." कचेरीचे नाव मी लिहीत नाही, तो कारकून आता निवृत्त होऊन नातवंडे खेळवीत असेल. पण त्या दिवशी आत्याबाई बसथांब्यावर टेकल्या आणि म्हणाल्या, "रेघ साहेबानं वढली, अन् पाय आपले तुटले गं माय!"

जिल्ह्याच्या इतिहासावर याहून नेमके भाष्य मी कोठे वाचलेले नाही.

ती रेघ पुढे बदलली. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला. औरंगाबादचे जालना, अंबड, भोकरदन आणि जाफराबाद हे तालुके, आणि परभणीचा परतूर, असे पाच तालुके त्यात आले. त्याच दिवशी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग निघाला. महाराष्ट्र झाला तेव्हा २६ जिल्हे होते, आज ३६ आहेत. जालन्याचे नाव काही लहान नव्हते. 'जालना सोने का पालना' ही म्हण आपण सर्वांनी ऐकली आहे. १९०० साली गोदावरी खोऱ्याची रेल्वे आल्यापासून तेथील बाजारपेठ अधिकच वाढली. पण आम्हांला त्या बाजारपेठेचे काय? आम्हांला कौतुक एवढेच की राजूरच्या गणपतीवरून जाणारी गाडी धरली तर कचेरीचे काम उरकून दिवे लागणीला घरी परतता येई. आत्याबाईंचे नाव सातबारावर चढले ते जालना जिल्हा झाल्यानंतरच. उतारा हाती आला तेव्हा तो त्यांनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतला. त्यांना स्वतःला वाचता येत नव्हते.

हे टिपण मी लिहीत असता माझी नात कॉलेजातल्या एका निबंधासाठी मॉरिशस बेटाचा नकाशा काढीत बसली होती. तिने विचारले, "आजी, या एवढ्याशा बेटाला नऊ जिल्हे कशाला?" मी चष्मा लावून पाहिले. खरोखरच नऊ! मुख्य बेटाचे क्षेत्रफळ १८६५ चौरस किलोमीटर. आपला एकटा जालना जिल्हा त्याच्या चौपटीहून मोठा आहे. मग आम्ही दोघींनी मिळून त्या नऊ जिल्ह्यांचा शोध घेतला, आणि तो मला आपल्या गावच्या गोष्टीपासून मुळीच दूरचा वाटला नाही. तेथे आपली मराठी माणसेही आहेत. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून, बहुतेक कोकणपट्टीतून, ती उसाच्या मळ्यांवर मजुरीला गेली.

जिल्ह्यांची नावे ऐकण्यासारखी आहेत. फ्रेंचांनी १७१५ मध्ये बेट घेतले, त्यांच्या अमलात हे विभाग पडले, आणि १८१० मध्ये इंग्रज आले त्यांनी ते तसेच चालविले. एकाचे नाव पाम्प्लेमूस, म्हणजे चक्क पपनस! दुसरा ग्राँ पोर, मोठे बंदर. तिसरा ब्लॅक रिव्हर, काळी नदी. मराठी वस्ती जेथे विशेष आहे अशा भागांपैकी हा एक. मोका हे नाव अरबस्तानातल्या कॉफीच्या बंदरावरून पडले. आपल्याकडे वड, पिंपळ, नदी यांवरून गावे पडतात त्यातलाच हा प्रकार.

१८३४ पासून पुढे सुमारे साडेचार लाख हिंदी मजूर त्या बेटावर उतरले. ज्या धक्क्याच्या सोळा पायऱ्या चढून ते आत गेले तो आप्रवासी घाट आज जागतिक वारसा म्हणून राखला आहे. या मजुरांना जिल्हा म्हणजे कचेरीचे गाव नव्हते, कुंपण होते. १८६७ च्या मजूर कायद्याने करार संपलेल्या जुन्या मजुरालाही छायाचित्र लावलेला दाखला जवळ बाळगावा लागे, आणि पोलिसांचा परवाना त्या त्या जिल्ह्यापुरता. एका जिल्ह्यातून दुसऱ्यात राहावयास जाणे झाले तर वर्दी द्यावयाची, नाहीतर पकडले जावयाचे. दाखला घरी विसरला म्हणून माणसे कोठडीत गेली आहेत. आमच्या आत्याबाईंचे पाय तुटले ते जिल्ह्याच्या गावाला जाता जाता. तेथल्या बायकांच्या नवऱ्यांचे पाय जिल्ह्याने बांधून ठेवले.

अखेर १८७१ साली ९४०१ मजुरांनी गव्हर्नराकडे एक अर्ज दिला. तो लिहून देणारा आदोल्फ द प्लेव्हित्झ हा स्वतः मळेवाल्यांच्या वर्गातला. त्याबद्दल मळेवाले त्याच्यावर इतके चिडले की पोर्ट लुईच्या रस्त्यावर त्याला मारहाण झाली. पण अर्जाचे फळ आले. १८७२ मध्ये चौकशीसाठी राजाज्ञेने आयोग नेमला गेला आणि मजुरांच्या हालांचे वर्णन जगापुढे आले. निम्म्याहून अधिक आयुष्य मी मुलांची हजेरी मांडण्यात घालविले आहे. तेव्हा ९४०१ हा आकडा वाचून मला प्रथम हेच दिसले की कोणीतरी रात्री दिव्याशी बसून एकेकाचे नाव विचारून घेतले असेल.

पुढची गोष्ट तर आपल्या मंडळाने खास वाचावी. १९४८ च्या निवडणुकीत मॉरिशसमध्ये नवा नियम झाला की बेटावर चालणाऱ्या भाषांपैकी एकीत साधे वाक्य ज्या स्त्रीपुरुषास लिहिता येईल त्यास मत. झाले! बासदेव बिसुनदयाल यांच्या स्वयंसेवकांनी खेडोपाडी रात्रीचे वर्ग उघडले आणि मजुरांना अक्षरे गिरवावयास लावले. मतदारांची संख्या सुमारे बारा हजारांवरून सत्तर हजारांच्या पुढे गेली. सर्व प्रौढांना मत मिळाले ते १९५९ च्या निवडणुकीत.

गावपरिषदा तेथे विसाव्या शतकाच्या मध्यास रुजल्या. बरीच वर्षे दोन दोन जिल्हे एका जोखडात बांधून तीन जोड-परिषदा आणि ब्लॅक रिव्हरची एक निराळी, अशा चारच जिल्हा परिषदा होत्या. २०११ च्या कायद्याने जोड्या सोडविल्या आणि सात जिल्हा परिषदा झाल्या. उरलेल्या दोन जिल्ह्यांत नगरपालिका आहेत. परतूर परभणीतून आणि भोकरदन औरंगाबादेतून सुटले तसेच हे. त्याच कायद्यात आणखी एक कलम आले. निवडणुकीस उभ्या राहणाऱ्या गटाने दोन-तृतीयांशाहून अधिक उमेदवार केवळ पुरुष किंवा केवळ स्त्रिया असे देऊ नयेत.

एका बाबतीत मात्र आपली पद्धत मला जास्त पटते. तेथे गावपरिषदा आपल्यातला सभासद जिल्हा परिषदेवर पाठवितात. आपल्याकडे वसंतराव नाईक समितीने १९६१ मध्ये अहवाल दिला, त्यावरून कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा चालू झाल्या. त्यात लोकांनी थेट मत द्यावयाचे ठरले. तेव्हा अव्वल तालुकदाराची खुर्ची खरोखर हलली, असे म्हणावयास हरकत नाही. स्त्रियांचे म्हणाल तर आरंभी पंचायतीत त्यांच्यासाठी एक-दोन जागा, त्याही पाटलांच्या घरात जावयाच्या. १९९३ पासून घटनेनेच एक-तृतीयांश जागा दिल्या, आणि २०११ मध्ये महाराष्ट्राने त्या निम्म्या केल्या.

जागा निम्म्या झाल्या, पण खुर्चीवर बसावयाचे कोणी? साऱ्या महाराष्ट्रात आपण पाहतो, की सरपंच बाई असतात आणि कारभार यजमान पाहतात. बाईंच्या पुढ्यात वही येते ती फक्त सहीपुरती. मला त्या बाईंचा राग येत नाही. तिला वहीत काय लिहिले आहे ते कोणी वाचून दाखविले नसते आणि वाचावयास वेळही दिलेला नसतो. पण ज्यांना वेळ आणि अक्षर दोन्ही आहे त्यांनीही मान खाली घालून सही करावी, याचे वाईट वाटते.

आपले मंडळ सुरू झाले त्या वर्षी आमच्या ओसरीवर संध्याकाळी पाट्या घेऊन बायका बसत. आत्याबाई तेव्हा ऐंशीच्या घरात होत्या. पहिले काही दिवस त्या दाराआडून ऐकत राहिल्या. एके दिवशी म्हणाल्या, "मला बाकीचं नको, माझं नाव तेवढं दाव." त्यांचे नाव तीन अक्षरी, पण मधल्या अक्षराचा काना त्यांना काही केल्या सरळ येईना. महिनाभर गिरवून त्यांनी ते साधले. त्यानंतर एकाच कागदावर त्यांनी सही केली, ती ग्रामसभेच्या नोंदवहीत. हात कापत होता म्हणून अक्षर ओळीच्या खाली उतरले आहे.

आता नियमाप्रमाणे ग्रामसभेच्या आधी महिलांची निराळी सभा घ्यावी लागते. १५ ऑगस्टची सभा जवळ आली आहे. नोंदवही पंचायतीच्या टेबलावर असते. वर ठराव लिहिलेले असतात ते बारीक अक्षरात, म्हणून ज्यांना लागतो त्यांनी येताना चष्मा आणावा. माझ्याकडे एक जादा आहे.