सांचीच्या कठड्यावरची नावे

सांचीचा स्तूप कोणी बांधला असे विचारले, की आपण एका दमात सांगतो : सम्राट अशोकाने. उत्तर खोटे नाही, पण अर्धे आहे. विदिशेजवळच्या या टेकडीवर अशोकाने उभारला तो विटांचा स्तूप. तो आज दिसत नाही, दगडांच्या आत आहे. इ.स.पूर्व दुसऱ्या शतकात त्यावर दगडी आवरण चढले आणि स्तूप जवळपास दुप्पट झाला. आजचा व्यास सुमारे 36 मीटर, उंची साडेसोळा मीटर. नागपूरच्या दीक्षाभूमीत आपण स्तूपाच्या आत जाऊन वंदन करतो. सांचीचा स्तूप मात्र भरीव आहे. तो उजव्या हाताला ठेवून भोवती फिरायचे, एवढेच.

हे दुप्पट झालेले काम कोणाच्या पैशातून झाले? उत्तर कठड्यावर आहे. हा कठडा म्हणजे लाकडी कुंपणाची दगडी नक्कल. उभ्या खांबांना खाचा पाडून त्यांत आडव्या पट्ट्या बसवल्या आहेत. नक्षी नाही, म्हणून सगळे थेट तोरणाकडे धावतात. पण याच साध्या दगडांवर ब्राह्मी लिपीत शेकडो छोट्या ओळी कोरल्या आहेत. अमुक गावची उपासिका, अमुक भिक्खुनी, कोणी व्यापारी, कोणी लेखनिक. बायकांची नावे तर भरपूर. ज्यांना पुढे मनुस्मृतीने संपत्तीचा हक्क नाकारला, त्या इथे स्वतःच्या नावाने दान देताना दिसतात!

तोरणे नंतरची, सातवाहन काळातली. पूर्व तोरणावर सिद्धार्थाचे गृहत्याग पाहावे. घोडा आहे, त्यावर छत्र धरले आहे, पण पाठीवर कोणी नाही. तथागत या तोरणांवर माणसाच्या रूपात कुठेच कोरलेले नाहीत. बोधिवृक्ष, चक्र, पाऊलखुणा, रिकामे आसन यांतून ते ओळखायचे. दक्षिण तोरणावर लेख आहे की हे कोरीवकाम विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी केले. हाताने राबणाऱ्यांनी आपली सही दगडावर ठेवली आणि ती कोणी पुसली नाही. जातिव्यवस्था सनातन आहे म्हणणाऱ्यांनी ही ओळ जरूर वाचावी.

आणि सर्वात मोठी गोष्ट पुढेच आहे. ब्राह्मी लिपी या देशात कोणालाच वाचता येईनाशी झाली होती. सांचीच्या लेखांचे ठसे पाहताना जेम्स प्रिन्सेपच्या लक्षात आले की छोट्या ओळी त्याच दोन अक्षरांनी संपतात. त्याने ताडले, हा शब्द ‘दानं’ असणार. 1837 साली तिथून लिपीचे कुलूप निघाले, आणि मग अशोकाचे शिलालेख वाचता आले. म्हणजे सम्राट आपल्याला कळला तो या साध्या उपासक-उपासिकांमुळे.

सांचीला गेलात तर कठड्यापाशी थांबा. आडव्या रेषेवर उभी रेघ, तो ब्राह्मीतला ‘न’. ओळीच्या शेवटाकडे शोधा.