गावाजवळ मोठा प्रकल्प येतोय? जनसुनावणीत काय मांडायचं, कुठे मांडायचं

मोठी खाण, औष्णिक वीज केंद्र, मोठं धरण किंवा रोज ५,००० टन व त्याहून जास्त ऊस गाळणारा साखर कारखाना, यातलं काहीही उभं करायचं तर आधी पर्यावरण मंजुरी लागते. त्याची पद्धत केंद्र सरकारच्या १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेत दिलेली आहे. ‘अ’ गटातल्या प्रकल्पांना दिल्लीचं पर्यावरण मंत्रालय मंजुरी देतं, ‘ब’ गटातल्यांना राज्याचं प्राधिकरण. ‘ब-२’ मध्ये बसवलेल्या प्रकल्पाला जनसुनावणी लागत नाही, म्हणून आपल्याकडचा प्रकल्प कोणत्या गटात टाकलाय ते आधी बघावं. केंद्राच्या ‘परिवेश’ पोर्टलवर ते मोबाईलवरही दिसतं.

प्रकल्पाचा हवा, पाणी, शेती आणि माणसांवर काय परिणाम होईल याचा अहवाल एक सल्लागार संस्था तयार करते. तिला पैसे कंपनीच देते. त्यामुळे अहवाल डोळे झाकून खरा धरायचं कारण नाही, तो वाचायलाच हवा.

सुनावणी प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं. किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात नोटीस द्यावी लागते. मसुदा अहवाल जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र अशा ठिकाणी बघायला ठेवतात आणि त्याचा सारांश मराठीतही द्यावा लागतो. पूर्ण अहवाल इंग्रजीत, शेकडो पानांचा. सगळा वाचणं कुणाला जमणार? पण गावातल्या शिकलेल्या पोरांना हाताशी धरून पाणी, जमीन आणि पिकं एवढी प्रकरणं तरी काढावीत.

सगळ्यात जास्त बघायचं ते पाण्याचं. पाणी-हवेची मोजणी बहुतेक वेळा पावसाळा सोडून एकाच हंगामात होते. ती हिवाळ्यात झाली असेल तर विहिरी भरलेल्या दिसणार. मे महिन्यात त्याच विहिरीचा तळ उघडा पडतो, हे गावाला माहीत असतं, अहवालाला नसतं. मोजणी कोणत्या महिन्यात झाली, आपल्या गावातल्या किती विहिरी घेतल्या, ओढा नकाशावर आहे का, गुरचरण ‘पडीक’ म्हणून दाखवलंय का, हे तपासावं. जिथे खोट दिसेल तिथला पान क्रमांक लिहून ठेवावा.

सुनावणीला जिल्हाधिकारी किंवा किमान अपर जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी बसतो. तिथे मतदान होत नाही, गणपूर्तीचीही अट नाही. दहा माणसं आली तरी सुनावणी झाली असंच धरतात. त्यामुळे बहिष्कार टाकून प्रकल्प थांबेल ही समजूत चुकीची. बोलायला सातबारा लागत नाही. शेतमजूर, मेंढपाळ, मासेमारी करणारेही बोलू शकतात. नुसतं ‘आमचा विरोध आहे’ म्हटलं तर नोंदही तेवढीच होते. ‘पान अमुकवर ओढा दाखवलेला नाही, त्यावर इतक्या शेतकऱ्यांचं पाणी आहे’ असं सांगितलं की कंपनीला अंतिम अहवालात उत्तर द्यावं लागतं. तेच लेखी देऊन शिक्क्याची पोच घ्यावी. कामकाजाचं चित्रीकरण होतं आणि शेवटी नोंदी स्थानिक भाषेत वाचून दाखवाव्या लागतात. ते वाचन होईपर्यंत उठू नये. आपला मुद्दा राहिला असेल तर तिथेच सांगावं.

कागदावरच्या त्रुटीला वजन असतं, हे सिंधुदुर्गाला लागून असलेल्या गोव्यातल्या मोपा विमानतळाच्या प्रकरणात दिसलं. परिसरातल्या जंगलांची आणि संवेदनशील भागांची माहिती नीट दिली नव्हती, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २९ मार्च २०१९ रोजी मंजुरी स्थगित करून फेरविचार करायला लावला. पुढे जानेवारी २०२० मध्ये जादा अटी घालून स्थगिती उठली आणि विमानतळ झालाच. पण त्या अटी पदरात पडल्या.

मंजुरी मिळाली तर तिची प्रत ग्रामपंचायतीकडे येते आणि ३० दिवस लावून ठेवावी लागते. तिच्याविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे अपील करायची मुदतही ३० दिवसांचीच आहे. सबळ कारण दिलं तर आणखी ६० दिवसांपर्यंत वाढ मिळू शकते. महाराष्ट्रासाठी पुण्यात खंडपीठ आहे. अपील करताना सुनावणीत दिलेल्या हरकतीची पोच सोबत जोडावी.