कालावधीची मांडणी (संगणक)

कालावधीची मांडणी : सरलेला वा उरलेला वेळ सेकंदांतून दिवस, तास, मिनिटांत दाखवण्याची आज्ञावलीतील रीत. नीरा डावा कालवा बारामती-इंदापूरच्या शेतांना पाणी देतो. शेजपाळीने आलेली पाण्याची पाळी संपायला ९००० सेकंद उरलेत, असे समजा. शेतकऱ्याला हवे ते उत्तर : २ तास ३० मिनिटे.

पायथनमध्ये ९००० ला ३६०० ने भागले की तास मिळतात. बाकी १८०० ला ६० ने भागून मिनिटे.

घात होतो तो घड्याळाचा साचा वापरल्याने. पीएचपीचे ‘डेट’ फंक्शन हा आकडा १ जानेवारी १९७० पासूनचा क्षण मानते आणि वेळक्षेत्र भारतीय ठेवलेले असेल तर साडेपाच तास मिळवून ०८:०० छापते! २४ तासांपुढे तर तास पुन्हा शून्यापासून सुरू होतात. कालावधीसाठी भागाकारच वापरावा.