मुंबई ते लोद : अंतर आणि वेळ

शाळेत भूगोल शिकविताना आम्ही पृथ्वीगोलावर मुंबई आणि लोद यांच्यामध्ये दोरा ताणून दाखवितो. तो अरबी समुद्र, होर्मुझची सामुद्रधुनी आणि इराणचे आखात यांवरून जाऊन सौदी अरेबियाचा उत्तर भाग व जॉर्डन ओलांडतो आणि बेन गुरियन विमानतळास, म्हणजे आपल्या वडीलधाऱ्यांच्या लोदला, येऊन मिळतो. हे अंतर सुमारे ४,०५० किलोमीटर भरते. ताशी ८५० किलोमीटर वेगाने ते कापण्यास पाच तासही लागू नयेत. मुले हा भागाकार चटकन करतात. परंतु आपल्या समाजाचा अनुभव त्या भागाकारात बसत नाही.

भारताने इस्राएलला १७ सप्टेंबर १९५० रोजी मान्यता दिली. तथापि पूर्ण राजनैतिक संबंध २९ जानेवारी १९९२ रोजी प्रस्थापित झाले. मधल्या एक्केचाळीस वर्षांत आपली हजारो माणसे इकडे आली. पण माहेरी जाऊन येणे म्हणजे अनेकांना तिसऱ्या देशात विमान बदलणे, परवान्यांची वाट पाहणे आणि वर्षांची शिल्लक मोडणे होते.

आम्ही लहान असताना दिमोना येथील घरी आईच्या नावे तार आली. अलिबागेस आजी निवर्तली होती. आपल्या धर्मात दफन लांबवीत नाहीत. तार हाती पडली तेव्हा ते उरकलेही होते. आई म्हणाली, "मला पोहोचायला दोन दिवस. माझ्या आईवर माती तर कालच पडली." ती गेली नाही. शिवाचे सात दिवस तिने दिमोनातच जमिनीवर बसून पाळले.

१९९२ नंतर थेट विमाने सुरू झाली, तरी दोरा सरळ झाला नाही. सौदी आकाश बंद असल्याने एल आलचे विमान एलातवरून तांबड्या समुद्राने बाब-एल-मंदेबपर्यंत दक्षिणेस जाई आणि एडनच्या आखातावरून मुंबईकडे वळे. नकाशावर हा मार्ग साडेपाच हजार किलोमीटरांहून अधिक भरतो. म्हणजे पावणेदोन तासांचा फेर. मुंबईहून येताना उंचावरील पश्चिमी वारेही समोरून येतात व आणखी वेळ घेतात. वाऱ्यास कोणाचा इलाज नाही. फेरा मात्र माणसांनीच घातलेला होता.

तो माणसांनीच सोडविला. २२ मार्च २०१८ रोजी दिल्लीहून आलेले एअर इंडियाचे विमान सौदी आकाशातून बेन गुरियनवर उतरले. एल आलला तेव्हा ती मुभा नव्हती. जुलै २०२२ मध्ये सौदी अरेबियाने आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ओमानने आपले आकाश सर्व विमान कंपन्यांना खुले केले. परंतु ऑक्टोबर २०२३ मध्ये युद्ध पेटले आणि एअर इंडियाला आपली उड्डाणे थांबवावी लागली. पुढेही ती सुरू होऊन पुन्हा बंद पडली.

म्हणून मुलांनी भागाकार केला, की आम्ही त्यांना दुसरे गणित घालतो : घरी जाऊन आजीआजोबांना विचारा, तुम्हांला मुंबईहून येथे पोहोचण्यास किती वेळ लागला? वाचकहो, आपल्याकडे कोणी हा प्रश्न घेऊन आल्यास त्यास सविस्तर उत्तर द्यावे. हे उत्तर पृथ्वीगोलावर सापडत नाही.